दोन सेंटीमीटर हरवलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी टेप आहे. शिवणयंत्राच्या खणात बॉबिनी आणि खडूच्या तुकड्यांबरोबर गुंडाळून ठेवतात ना, तीच. माझ्या अंगावर दीडशे सेंटीमीटर छापले आहेत, पण जन्मापासून आजवर मी दोऱ्याएवढीसुद्धा वाढले नाही. म्हणून जे जे वाढतं त्याच्यावर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्हाला माझा राग यायला नको.

माझ्यावर आकडे कुठल्या कारखान्यात छापले ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती निपाणीच्या बाजारात, बटणांच्या दुकानात. दिपालीच्या लग्नात तिच्या आप्पांनी तिला शिवणयंत्र दिलं, त्याच्याबरोबर मलाही घेतलं. अनगोळच्या भाड्याच्या घरात येऊन दिपाली पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देऊ लागली. मग सौम्या जन्मली. तिचं पहिलं झबलं शिवताना तिच्या इवल्या छातीभोवती मी फिरले. त्या दिवसापासून ती माझी झाली, असं मी आपलं धरून चालले.

सौम्या शाळेत जाऊ लागली आणि दिपालीच्या जिवाला घोर लागला. शेजारची सुविधा तिच्याच वर्गात, पण इतकी उंच की सौम्या तिच्या कानाला लागायची. दोघी जोडीने शाळेला निघाल्या की दिपाली दारात उभी राहून बघत राहायची. तोंडाने कधी काही बोलली नाही. पण रविवारी सौम्याचं न्हाणं झालं की मला खणातून ओढायची, आणि ओढणाऱ्या बोटांतून मला सगळं कळायचं.

"टाच टेकव गं. मान ताणू नको."

"आई, मागच्या रविवारी तर मोजलीस की!"

"गप उभी ऱ्हा. आठवड्यात माणूस वाढत न्हाय व्हय?"

घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीवर रेघ ओढायची सोय नव्हती. आकडा दिपालीच्या डोक्यातच राहायचा. एकशे चाळीस, कितीतरी रविवार एकशे चाळीसच.

त्याच सुमारास माझ्या टोकाची पितळी पट्टी निखळली आणि टोकाचे धागे सुटले. दिपालीने कात्रीने टोक सरळ कापलं आणि कडेला टाके घातले. माझे पहिले दोन सेंटीमीटर केरात गेले आणि कामाच्या गडबडीत ती ते विसरूनही गेली. शिवणात काही बिघडलं नाही. खिडकी मोजायची मीच, पडद्याचं कापड मोजायचीही मीच. चूक दोन्हीकडे सारखी, त्यामुळे पडदा नेमका बसायचा.

पुढे एका रविवारी सौम्याच्या टाचेखाली मला धरलं आणि डोक्यापाशी आकडा आला एकशे साडेबेचाळीस.

"अगं बाई! लई वाढलीस की गं!" दिपालीने तिला छातीशी धरलं. नुकतीच दुधातून खारकेची पूड सुरू केली होती, सगळं श्रेय तिला गेलं. मोजलं कुणी? मी. आणि कौतुक खारकेचं! मी खारकेवरही जळले.

मग शाळेत पालकांची बैठक झाली. परशराम सर विज्ञान आणि गणित दोन्ही शिकवतात. दिपालीने त्यांना वर्गातल्या मुलींची सरासरी उंची विचारली. सर म्हणाले, एकशे त्रेचाळीस. तोवर माझ्यावर सौम्या एकशे चव्वेचाळीस भरत होती. सुविधाच्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात दिपाली म्हणाली, "आमची सरासरीच्या वर हाय!" त्या दिवसापासून ती ताठ मानेने दारात उभी राहू लागली.

मित्रांनो, यानंतर माझ्या आयुष्यात चिंगी आली.

सरांनी मुलांना घेवड्याचं बी दिलं. प्रत्येक गटाच्या चार कुंड्यांत शेणखत, चार कुंड्यांत नुसती माती. रोपांची उंची मोजायची, दोन्हींची सरासरी काढायची आणि त्यांचं गुणोत्तर मांडायचं. सौम्याच्या गटाने मला नेलं. सुविधाच्या गटाकडे शाळेची लाकडी पट्टी होती.

नुसत्या मातीतलं सगळ्यांत बुटकं रोप सौम्याचं. तिने त्याचं नाव ठेवलं चिंगी. माझ्या सौम्याने त्या हिरव्या काडीला हाताने पाणी पाजावं, तिच्या कानात बोलावं! "लवकर वाढ गं चिंगे, न्हायतर तुझी आई काळजी करंल." आणि मला? मोजून झालं की बाकावर फेकायची. चिंगी दररोज वाढायची. मी कुंडीच्या काठावरून तिच्याकडे बघत राहायची आणि मनात म्हणायची, मर.

मोजणीच्या दिवशी फळ्यावर आकडे चढले. सौम्याच्या गटात शेणखतातली रोपं सोळा, चौदा, तेरा, तेरा. सरासरी चौदा. मातीतली नऊ, आठ, आठ, सात. सरासरी आठ. गुणोत्तर सात-चार. सुविधाच्या गटात सरासऱ्या बारा आणि सहा, गुणोत्तर दोन-एक.

"आमच्या शेणखतानं दुप्पट केलं," सुविधा म्हणाली. "तुमचं शेणखत आळशी हाय काय गं?"

"तुझी पट्टीच आखूड हाय!"

"व्हय? आण तुझी चिंगी." सुविधाने लाकडी पट्टी चिंगीशेजारी उभी केली. "सात कुठं? पाच हाय, पाच!"

सरांनी मला हातात घेऊन माझं टोक उजेडात धरलं. तिथे आकडा होता दोन. सगळा वर्ग हसला. चिंगीही हलली, वाऱ्याने असेल, पण मला ते झोंबलं.

सर हसले नाहीत. "कळलं? प्रत्येक रोप दोननं जास्त, म्हणून सरासरीसुद्धा दोननंच जास्त. एकदा दोन वजा केले की झालं. दोन सरासऱ्यांतला फरक बघा, तुमचाही सहा, त्यांचाही सहा. त्याला धक्का न्हाय. पण गुणोत्तर मात्र पार बदललं."

मुलं वजाबाकी करायला लागली. सुविधा सौम्याच्या कानाशी आली.

"म्हणजे तुझी उंची पण..."

सौम्याने मला मुठीत आवळलं. सुविधाच्या तोंडून आईला कळलं तर काय होईल, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर तिने दप्तरसुद्धा काढलं नाही.

"आई, मोज मला."

"आज? रविवार न्हाय."

"मोज गं."

दिपालीने मोजलं. "एकशे चव्वेचाळीस."

"त्यातनं दोन कमी कर," म्हणत सौम्याने माझं टोक तिच्यापुढे धरलं.

दिपाली आपल्याच हातच्या टाक्यांकडे बघत राहिली. "खारीक सुरू करायच्या आधीच कापलं होतं की हे टोक! म्हणजे तू सरासरीच्या खाली?"

"खाली म्हणजे काय आई? सरांनी मागं सगळ्या पोरींना उभं केलं होतं. बरोब्बर एकशे त्रेचाळीस एक पण न्हाय. ती सरासरी हाय, पोरगी न्हाय."

दिपालीचा चेहरा उतरलेलाच होता. मग सौम्या हळूच म्हणाली, "टोक कापल्यावर पहिल्यांदा साडेबेचाळीस आलं, आता चव्वेचाळीस. दोन्ही वेळा याच टेपनं मोजलंस. म्हणजे दीड सेंटीमीटर वाढले ते खरं हाय. फरक बिघडत न्हाय, आई."

दिपालीने दोनदा मनात हिशोब केला. मग डोळे पुसत हसली. "खारीक मग फुकट गेली न्हाय म्हणायची."

मला वाटलं, आता माझी रवानगी केरात. पण तिने लाल दोरा ओवला आणि माझ्या टोकाशी दोन टाके घातले, दोन कमी करायची आठवण म्हणून. त्यानंतर रविवारी सुविधाची उंची किती असेल, हे तिने विचारलं नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

मित्रांनो, कुणालाही मोजण्याआधी माझ्यासारखीचं टोक एकदा बघून घ्या. आमची घडी घालू नका, सैल गुंडाळा. आणि कुणाला मोजायचंच असेल, तर त्याच्या मागच्या मापाशी मोजा, शेजारच्या मापाशी नको. शेजारच्याकडे बघत राहिलं की काय होतं, ते मला विचारा.

सौम्याने शाळेतून घरी आणून लावलेली चिंगी आता परसात भिंतीवरून कौलांना टेकली आहे. मी तिला पुरत नाही, म्हणून सौम्याने तिला मोजायचं सोडून दिलं. रविवारी खण मात्र उघडतो, तो माझ्यासाठी. तेव्हा मी खिडकीतून चिंगीकडे एकदा बघून घेते.