तेवीस बिल्ले

पक्षीनिरीक्षण मंडळाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती नाल्यावर उघडत होती. फुकट दिली तरी ती खोली विद्यापीठात दुसऱ्या कुणी घेतली नसती. पण नाल्यावरच्या तारेवर रोज सकाळी एक खंड्या येऊन बसायचा. पहिल्या वर्षी वसतिगृहात कुणाशी ओळखपाळख नव्हती, तेव्हा ताईने त्या खिडकीत बसून दिवस काढले होते. आता ती तिसऱ्या वर्षाला होती, मंडळाची अध्यक्ष होती, आणि तिच्याहून मोठी पोरंसुद्धा तिला ताईच म्हणायची.

तीच खोली आता जायची होती. विद्यार्थी कल्याण कचेरीचं पत्र आलं होतं. शनिवारच्या कार्यक्रमाला साहेब स्वतः येऊन डोकी मोजणार. निदान वीस श्रोते हवेत, आणि पदाधिकारी श्रोत्यांत धरणार नाहीत. वीस भरले नाहीत तर खोलीत कचेरीची जुनी कपाटं येणार.

मंडळात तेवीस जण होते आणि तेवीसही पदाधिकारी. ही सवय ताईनेच लावली होती. नुसता सभासद केलं की पोरं दुसऱ्या आठवड्यात गायब व्हायची, पद दिलं की टिकायची. म्हणून चार उपाध्यक्ष झाले, खुर्चीप्रमुख झाला, पाणीप्रमुख झाली, आभारप्रमुख झाला, आणि ऐनवेळी त्याचा घसा बसला तर म्हणून एक सहआभारप्रमुखही झाला. बिल्ले छापताना पदाचं नाव ठळक हवं म्हणून त्यावरचा पक्षी काढून टाकला. भित्तिपत्रकावर तेवीस फोटो बसवताना कार्यक्रम कुठे आहे तेच लिहायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी आईचा फोन आला.

"अगं, कसला आवाज येतोय?"

"खुर्च्या लावतेय."

"तू? अध्यक्ष ना तू? आणि तो तुमचा खुर्चीप्रमुख कुठे गेला?"

"इथेच आहे. देखरेख करतोय."

"मग बरोबर आहे. तुझे बाबाही घरात तेच करतात."

पाहुणे म्हणून एक निवृत्त पोस्टमन काका आले. गळ्यात दोन दुर्बिणी होत्या.

"दोन कशाला, काका?"

"एक हिची आहे. गेल्या वर्षी गेली ती. घरी ठेवून निघालो होतो, कोपऱ्यावरून परत फिरलो." एवढं बोलून ते खिडकीतून तारेकडे बघू लागले.

टेबलामागे तीन रांगांत बावीस बिल्ले बसले होते. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. साहेब यायला दहा मिनिटं होती.

"बिल्ले काढा आणि समोर येऊन बसा," ताई म्हणाली. "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

"ताई, घरी फोटो पाठवायचाय. बाबा वाट बघतायत."

"आभारवाल्यांना आधी उठव. त्यांचं काम शेवटी असतं."

"वा! आणि उपाध्यक्षांचं काम कधी असतं ते तरी कळू दे!"

कुणी जागचं हललं नाही. शेवटी ताईने स्वतःचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि समोर पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिला वाटलं, आपण उठलो की लाजेकाजेने चारजण तरी मागे येतील. चारजण उठलेही. ते चार उपाध्यक्ष होते, आणि चौघेही अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीकडे धावले.

"मी सगळ्यात जुना आहे!"

"दोन दिवसांनी जुना! तेही मी आजारी होतो म्हणून!"

"ठराव करा, ठराव!"

ठराव म्हटल्यावर सगळेच उभे राहिले. गोंधळात सहआभारप्रमुखाला वाटलं, कार्यक्रम संपला. त्याने आभार मानायला सुरुवात केली.

काका हळूच उठून ताईशेजारी येऊन बसले. "मला काही भाषण येत नाही हं. बोलायची ती. मी पिशवी धरायचो."

"माझ्याशीच बोला मग."

काकांनी एक दुर्बीण गळ्यातून काढली, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. "तारेवर बघ. मान वाकडी करून कसा बसलाय. ही म्हणायची, घरी भांडून आलाय, म्हणून इतका गप्प आहे."

ताईला हसू फुटलं. तेवढ्यात खंड्या दगडासारखा खाली गेला आणि चोचीत मासा घेऊन वर आला. दोघांनीही श्वास रोखला होता.

दारात साहेब उभे होते. त्यांनी बोटाने मोजलं.

"श्रोते दोन."

"नाही," ताई म्हणाली. "हे प्रमुख पाहुणे आहेत."

"मग एक." त्यांनी तसं लिहिलं आणि गेले. मागे ठराव चालूच होता.

सोमवारी कपाटं आली आणि खिडकी त्यांच्यामागे गेली. मंडळ मात्र जोरात आहे. चार अध्यक्ष आहेत आणि बैठका कँटीनमध्ये होतात.

ताई आणि काका दर शनिवारी सकाळी नाल्याच्या पलीकडच्या काठावर बसतात. तिसऱ्या शनिवारी पाणीप्रमुख मुलगी दोन बाटल्या घेऊन आली. बिल्ला घरीच ठेवला होता.

"ताई, इथे मी कोण?"

"हळू बोल," काका कुजबुजले. "उडेल तो."

ती मुकाट्याने खाली बसली. बाटली मात्र तिने काकांच्या हाताशी सरकवून ठेवली.