कडी नसलेलं दार

तपासणीला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे. उभी नोकरी शाळामास्तर म्हणून काढली, त्यात इतके साहेब पाहिले की अजूनही फाटकाशी जीप थांबली की माझ्या कपाळावर आठ्या चढतात. यायचं, खुर्चीत रेलायचं, चहा-चिवडा हाणायचा, एखाद्या पोराला पाढा म्हणायला लावायचा आणि सही ठोकून चालू पडायचं. म्हणून आमच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक केशवराव यांनी नाश्त्याच्या वेळी "आज दाराचा मुआयना हाय," असं जाहीर केलं, तेव्हा मला हसू आवरेना.

"दाराचा? काऊन, दाराले ताप आला का?"

"हासू नका, गुरुजी." केशवराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. हुकूम, दरखास्त, मुआयना हे शब्द त्यांच्या तोंडातून निघाले की त्यांना आपोआप पाठ ताठ करावी लागते. "मागच्या बारीले एक दार नापास झालं. आता पुन्हा झालं तं चाकाच्या खुर्चीवालं मानूस ठेवाची मंजुरी जाते. हुकूमच हाय तसा."

सगळ्यांच्या माना जयवंताबाईंकडे वळल्या. आमच्याकडे चाकाच्या खुर्चीत त्या एकट्याच. लकव्यानं त्यांचं डावं अंग गेलेलं, उजवा हात आणि जीभ मात्र शाबूत. नापास झालेलं दार त्यांच्याच खोलीचं होतं. त्या खाली मान घालून उपमा खात राहिल्या.

आमचा वृद्धाश्रम बेला गावाच्या बाहेर, कापसाच्या शेताला लागून. मधे लांब व्हरांडा आणि दोन्ही बाजूंनी खोल्या. या खोल्यांची दारं साधी नाहीत. एका खोलीत आग लागली तर धूर नि जाळ बराच वेळ आतच अडवून धरतील, अशी खास आगीची दारं आहेत ती. जड, आणि वर बसवलेल्या लोखंडी हातामुळे आपोआप लागणारी. दारांची गरज आहे हे मला कुणी सांगायला नको. इथं प्रत्येक जण घरच्या कापसाची गादी घेऊन येतो, आणि आमच्याकडची थंडी अशी की नको नको म्हटलं तरी कुणीतरी खोलीत शेगडी पेटवतंच. कापूस पेटतो कसा, ते या भागातलं शेंबडं पोरही जाणतं.

पण दार लागलं तर उपयोग. जयवंताबाई ते लागूच देत नसत. घरून आणलेला वरवंटा त्या दाराला अडसर म्हणून लावून ठेवायच्या. केशवरावांनी समजावलं, हात जोडले, शेवटी वरवंटा लपवला. तर बाई स्वतः खुर्चीसकट दारात जाऊन बसल्या आणि जेवणही तिथंच केलं. वरवंटा परत द्यावाच लागला. बरं, मंजुरी गेली तर त्यांना भीमपूरकडे मुलाच्या घरी परत जावं लागणार. "मले तिकडं धाडू नका," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि दार मात्र उघडंच ठेवायच्या. असल्या हट्टापुढे काय बोलणार? मी कपाळाला हात लावला होता.

तपासनीस आली ती साक्षी नावाची मुलगी. वांकिडी गावची. पाठीवर पिशवी, पायात बूट, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली. केशवरावांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. चहा आला, तो तिनं उभ्याउभ्याच दोन घोटांत संपवला आणि कप स्वतः मोरीवर ठेवून आली. मी जरा सरसावून बसलो. हे काहीतरी वेगळं प्रकरण दिसत होतं.

मग तिनं दारं पाहायला घेतली. पाहायला म्हणजे खरोखर पाहायला. दार पूर्ण उघडून सोडायची आणि ते जाऊन लागतं का ते बघायची. मग अर्धं उघडून सोडायची. मग बोटभर. फटीत पातळ पट्टी घालून वरपासून खालपर्यंत फिरवायची. दाराच्या कडेला एक काळी चीप, लांब फितीसारखी, बसवलेली असते. आग लागली की ती तापून फुगते आणि फट बुजवते. त्या चिपेवरून ती डोळे मिटून अंगठा फिरवत होती. बिजागरीचा एकेक स्क्रू तिनं पिळून पाहिला. खालची फट बघायला सरळ फरशीवर आडवी झाली. मी तिच्या मागेमागे फिरत होतो, चुका काढायला. एकही सापडली नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. इतकं मन लावून केलेलं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र तिची आणि केशवरावांची जुंपली. प्रत्येक दाराला बाहेरून कडी होती. कारखान्यातून दारं आली तेव्हा कडी नव्हती. ती केशवरावांनी नागोराव सुताराकडून हौसेनं ठोकून घेतलेली.

"बाबा, ह्या कड्या काढा लागतीन," साक्षी म्हणाली. "आगीच्या दाराले बाहेरून कडी चालत नाई. आतलं मानूस निघन कसं?"

"अवं, कडी नाई तं ते दार कायचं?" केशवराव खवळले. "शेतात जाताना मानूस काय लावते? दवाखान्यात गेलं कोनी तं खोली अशीच उघडी टाकाची का? बिनाकडीचं दार म्या तं जलमात नाई पाह्यलं."

आणि यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या गावांत दार म्हटलं की बाहेरची कडी आलीच. शेताला निघालेलं माणूस दार ओढतं आणि हात आपसूक कडीकडे जातो. साक्षी हसली आणि म्हणाली, "दुपारी काढू." केशवराव पुटपुटत पुढे चालले.

शेवटी आली जयवंताबाईंची खोली. दार सताड उघडं, खाली वरवंटा, आणि आत उजव्या हातानं चाक गच्च धरून बसलेल्या जयवंताबाई. आता ही पोरगी रागावणार म्हणून मी भिंतीला टेकलो. साक्षी रागावली नाही. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आजी, दार काऊन लावू देत नाई तुमी?"

कुणीच त्यांना हे विचारलं नव्हतं. आम्ही सगळे दार लावा, लावा, एवढंच सांगत होतो.

जयवंताबाईंनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "लावलं तं मी बाहेर येऊ कशी, माय?"

"उघडून."

"तू उघडून पाह्य ना माह्यासारखी."

साक्षीनं एकदा त्यांच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. मग उठली. तिनं आणि मी मिळून जयवंताबाईंना खाटेवर बसवलं. पोरीनं कमरेची ओढणी सोडली, तिनं स्वतःचा डावा हात पोटाशी बांधून घेतला आणि चाकाच्या खुर्चीत बसली.

"बाबा, वरवंटा काढा आन दार लावा. मी आतून उघडून पाह्यतो."

मी आणि केशवराव बाहेर आलो. केशवरावांनी दार ओढून घेतलं. आणि त्यांचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी कडी घातली.

खट्ट.

आतून जयवंताबाईंचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. वासरू अडकल्यावर हंबरतं तसं काहीतरी होतं. आधी आम्हाला कळेचना काय झालं. दोघंही मूर्खासारखे दाराकडे बघत राहिलो. मग केशवरावांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी झटकन कडी काढली.

आत साक्षी खुर्चीतून उठून जयवंताबाईंच्या शेजारी बसली होती. बांधलेला हात सोडायचंही तिला सुचलं नव्हतं. उरलेल्या हातानं तिनं त्यांना घट्ट धरलं होतं.

"आमच्या घरी अशीच वाजे," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांचा श्वास अजून ठिकाणावर नव्हता. "पंकज, माहा पोरगा, वाईट नाई हो. सूनबी वाईट नाई. कापूस वेचाले जा लागे दोघाइले. उघडं ठिवलं तं कुत्रे शिरतीन, म्हातारी खुर्चीतून पडन, म्हनून कडी लावून जात. मी दिवसभर त्या दाराकडं पाहून राहो. तहान लागली तरी पाह्यतच राहो. तवापासून माह्यापुढं दार लागलं नाई पाह्यजे."

केशवराव तिथंच भिंतीशी खाली बसले आणि त्यांनी तोंड पंच्यात लपवलं. ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो ते काय होतं, हे कळायला एका परक्या पोरीला हात बांधून घ्यावा लागला.

साक्षीनं ओढणी सोडली, पिशवीतून पाना-स्क्रूड्रायव्हर काढला आणि जयवंताबाईंच्या डोळ्यांदेखत ती कडी उपसून काढली. बाकीच्या खोल्यांच्या नंतर निघाल्या. भोकं बुजवायचा लेप वेगळा असतो, त्यातून जाळ शिरत नाही. तो तिनं नागोरावाला बोलावून, शेजारी उभं राहून भरून घेतला. मग ती पुन्हा खुर्चीत बसली, पुन्हा हात बांधला आणि दार लावून घेतलं. या वेळी नागोराव धरून आम्ही तिघंही हात मागे बांधून उभे होतो.

दार जरासं किलकिलं झालं आणि परत लागलं. पुन्हा किलकिलं झालं, खुर्चीची पायपट्टी फटीत अडकली. आतून धापा ऐकू येत होत्या. शेवटी तिनं हाक मारली आणि मी दार ढकललं. पोरगी घामानं निथळत होती.

"आजीचं बरोबर हाय," ती केशवरावांना म्हणाली. "मले तिशी नाई झाली तरी जमलं नाई. मानूस पास हाय, बाबा. दार नापास."

तिनं हे म्हटलं तेव्हा जयवंताबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. ते आमचा जीवच घेणारं पाहणं होतं, आणि आम्ही ते निमूट सोसलं.

पुढे जे झालं ते खरं कसब. दाराच्या माथ्यावरच्या त्या लोखंडी हाताला स्क्रू असतात. ढिला केला की दार हलकं होतं, आवळला की जड. पण फार ढिला केला तर दार शेवटपर्यंत जाऊन लागत नाही, आणि न लागणारं दार आगीत कुचकामी. जयवंताबाईंना उघडता यावं आणि आगही अडावी, असा मधला बिंदू हवा होता. साक्षी स्टुलावर चढायची, स्क्रू किंचित फिरवायची, उतरायची, दार सोडून बघायची, खुर्चीत बसून बघायची. दार उघडलं की लागायचं नाही, लागलं की उघडायचं नाही. तिच्या ड्रायव्हरनं फाटकातून हॉर्न दिला. तिला पुढे आसिफाबाद गाठायचं होतं. "थांबा ना दादा, आजीचं दार हाय," ती आतूनच ओरडली. तिनं बिजागऱ्यांना तेल दिलं, मुठीची आडवी दांडी बदलून हाताशी येईल अशी लांब लावली आणि पुन्हा स्टुलावर चढली. मनातल्या मनात मी तिला नमस्कार केला. माझ्या शाळेत असे साहेब आले असते तर मी फाटकापर्यंत सामोरा गेलो असतो.

अखेर ती उतरली आणि जयवंताबाईंना खुर्चीत बसवून दारापाशी नेलं. "आजी, मी बाहेर जातो. दार आपलंआपन लागन. बाहेर कडी नाई, तुमी पाह्यलं. तुमाले वाटन तवा उघडा. नाई जमलं तं मी इथंच हाय, आन मी कागदावर लिहीन का दार नापास. तुमचं नाव नाई लिहीन."

जयवंताबाईंचे ओठ हलत होते. त्यांनी मान डोलावली.

दार हळूच आलं आणि बारीक आवाज करून लागलं. आम्ही श्वास रोखून उभे. आत काहीच हालचाल नाही. केशवरावांनी माझं मनगट धरलं होतं, सोडायला तयार नव्हते. मलाही ते सोडवून घ्यावंसं वाटत नव्हतं. नाही उघडलं तर बाईंना जावं लागणार, हे सगळ्यांना कळत होतं.

दांडी खाली वळली. दार थोडं आत सरकलं, थबकलं, आणि खुर्चीची पायपट्टी फटीत आली. मग चाक आलं. मग जयवंताबाई आल्या. केस विस्कटलेले, उजव्या हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी नजर खाली केली. त्यांच्या मागे दार जाऊन नीट लागलं.

केशवराव ढसाढसा रडू लागले. साक्षीनं टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून हात खाली घेतले.

जयवंताबाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग खुर्ची वळवली, दांडी दाबून दार ढकललं, आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "आता जा बापा सारे. मले जराक एकटीले बसू द्या."

दार लागलं. ते त्यांनी स्वतः लावलं होतं.

साक्षीची पिशवी आतच राहिली होती. हॉर्न पुन्हा वाजला. दार उघडायला तिनं हात पुढे केला, मधेच थांबवला, आणि बोटांनी हलकेच टकटक केलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला. करारी, घरच्या मालकिणीचा.

"मी साक्षी, आजी. येऊ का आत?"

"थांब जराशी."

आणि दिवसभर आमचं एकेक दार उघडून-लावून पाहणारी ती तपासनीस पोरगी त्या दारासमोर गुमान उभी राहिली.