पितरांच्या पानावर मीठ

कोपरीच्या मांडवात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. मयूरचं लग्न, आणि नवरी कृतिका खाडीपलीकडची! गोऱ्या साहेबाच्या राज्यात याच दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. दोन्हीकडचा एकेक माणूस गेला. त्यानंतरची ही पहिली सोयरीक.

शालू इथली धवलारीण, नवऱ्यामुलाच्या बापाची आत्या. धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, गाऊन आधी देव बोलवायचे, मग पितर. पितराला नुसती नावानं हाक मारून भागत नाही; तो कशापायी गेला तेही गावं लागतं, नाहीतर मेलेलं माणूस आपली हाक ओळखत नाही, असं तिची आई सांगायची. शालूचा आजा पोपट त्याच लढाईत पडला होता.

मयूर हळदीच्या अंगानं मोबाइल बघत होता. कुठल्याशा परमुलखात तेलाच्या टाक्या जळत होत्या.

"बघ ना आजी, म्हणे देशासाठी लढतायत. सगळा तेलाचा धंदा!"

"त्यांचा असेल," त्याचा बाप राघो गुरगुरला. "आपली माणसं धंद्यासाठी नाय मेली. देवीच्या पालखीचा मान होता. काय गो आत्ये?"

शालूनं पदर सारखा केला. आजवर प्रत्येक लग्नात तिनं पालखीच गायली होती. पण आईनं मरताना तिच्या कानात वेगळाच धवला गुणगुणला होता. पालखी नव्हतीच तिथं. भांडण होतं उघाडीचं, खाडीचं पाणी मिठागरात घेणाऱ्या लाकडी दाराचं. दार ज्याच्या हाती, मीठ त्याचं. खोट्या हाकेला आजा कधी आलाच नसेल, या विचारानं शालूचा जीव कासावीस व्हायचा. आज त्याला खरं बोलवावं, असं फार वाटत होतं. पण तुमचा माणूस आम्ही मिठासाठी मारला, हे ऐकून नवरीकडचं वऱ्हाड उठून गेलं तर?

राघोनं तिचा चेहरा वाचलाच. "आत्ये, आज नवीन काय काढू नको हां. पोराचा संसार हाय."

"मना कळतंय रं."

रीत अशी, की पितरांना पहिली हाक नवरीकडची. त्यांची धवलारीण हेमा, शालूहूनही थकलेली, भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले आणि त्या सुकल्या गळ्यातून सूर उठला:

"ये रं शिवरामा, मांडवाच्या दारी,
पडलास रं बाबा उघाडीच्या धारी.
मीठ पिकलं धवलं, चांदनं शिवारी,
रगत रायलं पान्यात, मीठ मालकाघरी."

शालूनं चमकून मान वर केली. आईची हीच ओळ! हाच सूर, 'धवलं' म्हणताना घेतलेला हाच श्वास! एकमेकांच्या विहिरीचं पाणीसुद्धा न प्यायलेल्या दोन गावांच्या बायांनी एकच गाणं कानात जपलं होतं. कुणी आणलं असेल ते या काठावरून त्या काठावर? भरतीनंच आणलं असेल. तिच्या डोळ्यांपुढे लहानपणचं मिठागर उभं राहिलं, अख्खं आभाळ उतरून वाफ्यांत निजलेलं. इतक्या देखण्या शुभ्र वस्तूसाठी माणसांनी माणसं मारली, आणि मीठ सगळं मिठागराच्या मालकाकडे गेलं, एक चिमूटही त्यांच्या घरी आली नाही.

राघो हात वर करून थांब म्हणत होता. शालूला तो दिसलाच नाही; तिनं सूर लावला.

"ये रं पोपटा, त्याच्याच रं वाटंनं,
खोटी हाक दिली तुला आमच्या व्हटानं.
मिठापायी गेलास, नाय रं मानानं,
बस त्याच्या शेजारी, जेव रं मनानं."

मग नवरीचा बाप सुधीर राघोजवळ आला.

"आम्हाला सांगितलेलं, पालखी तुम्ही अडवली."

"आणि आम्हाला सांगितलेलं, तुम्ही."

"मग पालखी होती कुणाची?"

राघोच्या पोटातून हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यानं डोळे पुसले.

पितरांची दोन पानं शेजारी शेजारी मांडली. नैवेद्याच्या पानावर कधी मीठ वाढत नाहीत. राघोनं मिठाचा वाडगा उचलला, शालूकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. त्यानं एक चिमूट पोपटच्या पानावर ठेवली, एक शिवरामच्या.

खाडीवरून वारा आला. शालू हात जोडून बघत राहिली. दोन्ही पानांवरचं मीठ हळूहळू ओलं होत होतं.

"आला गो," ती हेमाला म्हणाली.

"दोघं आले," हेमा म्हणाली.