तांबूस फांदी

आमचे हे, म्हणजे नंदकिशोर, सासवडकडचे. शेवंतीच्या वाफ्यांत रांगलेला माणूस खारघरच्या नवव्या मजल्यावर आला तरी बाल्कनीत माती कालवत बसतो. त्यांच्यापुढे शेवंतीवर बोलायची कोणाची टाप नव्हती. आमची लेक ईश्वरी तेवढी बोलायची.

ती फुलझाडांवर संशोधन करत होती. शेवंतीच्या कलमांवर गॅमा किरणं सोडायची आणि ती वाढू द्यायची. बरीचशी आहे तशीच फुलतात, काही मरतात, आणि एखाद्याला नशिबाने नवाच रंग येतो. प्रयोगातली जास्तीची एक कुंडी तिने घरी आणली, तेव्हा शेजारच्या यशोदाबाईंनी पदर नाकाला लावला.

"रेडिएशन घरात ठेवलंत?"

"काकी, मागे तुमचा एक्स-रे काढला ना? मग अंधारात चमकता का तुम्ही?" ईश्वरी म्हणाली. पोरगी फटकळ. माझ्यावरच गेलेली.

झाडाला गुलाबी फुलं यायला लागली आणि तिला डेंग्यू झाला. ती हॉस्पिटलात असताना एका फांदीवर वेगळंच फूल उमललं, चिंचेने घासलेल्या तांब्याच्या रंगाचं. ह्यांनी तिला फोटो दाखवला. अंगात त्राण नव्हतं, तरी ती उठून बसली.

"बाबा, ही फांदी जपा. ही माझी नवी जात. बाकीचं घरी आल्यावर सांगते."

ती घरी आली नाही.

दिवसकार्य उरकलं. फुलं सुकली, तशी ह्यांनी कात्री घेतली आणि सासवडला करायचे तसंच केलं. सगळ्या फांद्या मातीलगत छाटल्या. मुळाशी फुटलेले कोंब, ज्यांना तिकडे काश्या म्हणतात, ते नव्या कुंड्यांत लावले. शेवंती अशीच जपतात. ह्यांच्या आज्याने, पणज्याने अशीच जपली होती.

चैत्रात उन्नती भेटायला आली. ईश्वरीची मैत्रीण, तिच्याच प्रयोगशाळेतली. कुंड्या बघून तिचा चेहरा उतरला. हे चहा टाकायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "काकू, रंग फक्त त्या फांदीत बदलला होता. मूळ जुनंच, त्याच्या कोंबांना गुलाबीच फुलं येणार. त्या फांदीचीच कलमं करायला हवी होती. छाटलेलं कुठाय सगळं?"

"कचऱ्याच्या गाडीत गेलं."

मला असा संताप आला! ह्यांच्यावर, त्या सासवडवर, अर्धवट सांगून गेलेल्या माझ्या पोरीवर. तेवढ्यात हे कप घेऊन बाहेर आले. "उन्नती, दिवाळीनंतर ये हां. आमच्या ईश्वरीचं फूल बघायला." उन्नतीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं.

मी ह्यांना काय सांगणार होते? पोर गेल्यापासून हा माणूस अंथरुणातून उठत नव्हता, तो त्या कुंड्यांसाठी उठायला लागला होता. उन्हाळ्यात माझी जुनी साडी बांधून त्यांनी सावली केली. पानांवर माव्याची कीड पडली तर बोटाने पुसून काढली. कळ्या दिसल्या त्या दिवशी दाढी केली, आपणहून. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मार्गशीर्षात पहिलं फूल उमललं. गुलाबी. मग दुसऱ्या कुंडीत, तिसऱ्या कुंडीत. सगळी गुलाबी. हे कठड्याला धरून उभे राहिले. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"फांदी जपा म्हणाली होती ती," ते म्हणाले. "झाड नव्हे."

मी कुंडीतली वाळकी पानं वेचायला लागले.

"तुला ठाऊक होतं?"

"उन्नतीने सांगितलं होतं. चैत्रात."

"आणि तरी मला पाणी घालू दिलंस?"

"तुम्ही त्याच्यासाठी उठत होतात. दोन घास खात होतात. एकाच वर्षात दोघांना कशी घालवू हो मी?"

वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, हाताची माती लेंग्याला पुसली आणि लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मग मीना, उद्या कशासाठी उठू, ते सांग."