गमतीचं अक्षर

"घ्या! आता दातांच्या डॉक्टरनेही दात काढले," पेंटर शिडीवरूनच म्हणाला.

समोरच्या दवाखान्यावर नवी पाटी चढत होती, तीही त्याच अक्षरात. 'गंमत' म्हणत त्याला. पेंटरच्या धाकट्या भावाने ते कॉम्प्युटरवर आणलं, समोरच छपाईचं दुकान थाटलं, आणि सगळ्या रस्त्याला त्याची लागण झाली. वात्रट पोराने हाताने काढावं तसं ते अक्षर. 'क'चं पोट सुटलेलं, 'र' लंगडी घालणारा, वेलांटी वाऱ्यावर. कुलूपवाल्याची पाटी तर इतकी खिदळायची, की चोर म्हणे आधी त्याची ख्यालीखुशाली विचारत आणि मगच कामाला लागत. पेंटरचं अक्षर म्हणजे कवायतीला उभे शिपाई. गंमत दिसली की त्याच्या पोटात कळ यायची. सवतीला बघून येते ना, तश्शीच.

बायको पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान काढत होती. 'मनमौजी' हे नाव तिनेच शोधलं होतं. ही पाटी तरी आपलीच, या भरवशावर पेंटरने फळी घासूनही ठेवली. जेवताना तिने सांगून टाकलं, की पाटी भावजींकडे टाकलीय.

"अहो, तुमचं अक्षर देखणंच आहे. पण ते वाचताना माणूस ताठ उभा राहतो. मला हसत येणारी गिऱ्हाइकं हवीत."

पेंटरने घास पाण्याबरोबर खाली ढकलला.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी धाकट्याचं छपाईचं यंत्र बंद पडलं. पेंटर मनात साखर वाटत तिकडे गेला. धाकटा डोक्याला हात लावून बसला होता.

"दादा, वहिनीला काय तोंड दाखवू?"

"ते अक्षर दाखव आधी."

धाकट्याने पडद्यावर नाव उमटवलं. पेंटर नाक लावून बघत राहिला. दोन्ही 'म' एकाच जागी अडखळत होते. खरा हात असा अडखळत नाही. दुसऱ्यांदा तो दुसरीकडेच घसरतो. ही खोड त्याने गाठीशी बांधली आणि बायको आमंत्रण द्यायला माहेरी गेली होती तेवढ्यात फळी रंगवली. दोन्ही 'म' एकाच जागी अडखळवले. ब्रशला कवायत विसरायला लावताना मनगट भरून आलं.

सकाळी पाटी पाहून बायको तोंडाला पदर लावून हसली. त्याच्या कुठल्याच पाटीपुढे ती अशी हसली नव्हती.

"कमाल केलीत, भावजी!"

धाकट्याने तोंड उघडलं. पेंटरने डोळे वटारले. तोंड मिटलं.

"बघितलंत?" बायको नवऱ्याकडे वळली, "हाताने नाही जमायचं हो असं."

"नाही जमायचं," पेंटर म्हणाला, आणि नखांत गुलाबी रंग अडकलेला उजवा हात त्याने खिशात घातला.