यार्डातलं धरत नाहीत

माझं नाव गुरम्मा. सातवीपर्यंत मी ते इतक्या हळू सांगायची की नव्या बाईंना दोनदा विचारावं लागायचं. यंदा नववीत गॅदरिंगला माईकवर सगळे कार्यक्रम मी जाहीर केले आणि शेवटी स्वतःचं नाव असं ठणकावून सांगितलं की मागच्या रांगेतनं टाळ्या आल्या. तेव्हापासून माझं तोंड बंद होत नाही, असं आई म्हणते. समोरच्या घरातल्या चंद्रव्वाअज्जी तर मला 'माईकवाली'च म्हणतात.

पण ही गोष्ट माझी नाही, अज्जींच्या नवऱ्याची आहे. त्यांचं नाव वीरभद्रप्पा, सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. अप्पा रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. छोट्या लाईनवर, मोडनिंबच्या बाजूला. चार माणसं ढकलतात त्या ट्रॉलीवर छत्री उघडून बसायचं आणि मैलच्या मैल रूळ बघत जायचं, असं त्यांनी चौतीस वर्षं केलं. रिटायर होऊन सोलापुरात आले. मग त्यांचा मुलगा संगप्पाअण्णा गिरणीतर्फे ट्रेनिंगला जर्मनीला गेला आणि येताना एक वीतभर इंजिन, पाच डबे आणि खोकंभर रूळ घेऊन आला. विजेवर चालणारी, अगदी खरीखुरी दिसणारी रेल्वे! तिला खेळणं म्हटलेलं अप्पांना खपत नाही.

बाहेरच्या खोलीत दोन फळ्या जोडून अप्पांनी लाईन टाकली. मोठा लंबगोल, आणि त्यांच्या खुर्चीपाशी बाजूला काढलेला एक फाटा, म्हणजे यार्ड. रुळांखाली चाळणीने चाळलेली बारीक खडी. पाणसळ लावून सगळं सपाट केलेलं. आमच्या घराच्या भिंती इतक्या सरळ नाहीत.

दर रविवारी चार वाजता गाडी सुटायची. सोलापूरची धूळ तुम्हाला माहीत आहे, म्हणून डबे कपाटात, धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात. दर वेळी काढायचे, पुसायचे, रुळावर ठेवायचे. एका डब्याला आठ चाकं. आठही बसली पाहिजेत, नाहीतर डबा खडीवरून खरडत जातो.

थंडीपासून अप्पांचे हात थरथरायला लागले. सहा चाकं बसायची, दोन उतरायची. ती दोन बसवायला गेलं की आधीची उतरायची. चारची गाडी साडेचारला सुटायला लागली, मग पाचला. मार्चमध्ये एका रविवारी अप्पांनी एकच डबा लावला आणि म्हणाले, "आज पॅसेंजर कमी आहेत." मी हात पुढे केला, तर म्हणाले, "हात लावू नको." अज्जी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मीही बघितलं. बाहेर काहीच नव्हतं.

मे महिन्यात संगप्पाअण्णाचं पत्र आलं. तो पुन्हा जर्मनीला गेला होता. सोबत रेल्वेच्या सामानाचा चकचकीत कॅटलॉग होता. 'बॅग भरली आहे, दोनच लहान वस्तू मावतील. कोणत्या ते नंबर घालून कळवा. पत्र सोमवारपर्यंत टाका, म्हणजे मी निघायच्या आत मिळेल.'

अप्पांची पत्रं हल्ली मीच लिहिते. शनिवारी मी एरोग्राम, म्हणजे परदेशी पाठवायचं निळं घडीचं पत्र, पुढे घेऊन बसले.

"लिही," अप्पा म्हणाले. "चिरंजीव संगप्पास अनेक आशीर्वाद. काही आणू नकोस."

लिहिलं.

"गाडी शाळेला देऊन टाकायचं ठरवलं आहे. सोमवारी शिपाई येऊन नेणार."

माझं पेन थांबलं. "कुणाच्या शाळेला?"

"तुमच्याच की. हेडमास्तरांशी बोललोय मी. विज्ञानाच्या खोलीत ठेवतील."

"अप्पा, विज्ञानाच्या खोलीत जे जातं ते काचेच्या कपाटात जातं आणि त्या कपाटाची किल्ली हरवलेली आहे!"

"असू दे. लिही."

मी लिहिलं नाही. उगाच कॅटलॉग चाळायला लागले. भाषा जर्मन, पण चित्रं तर सगळ्यांचीच असतात की. सतराव्या पानावर मला ते दिसलं. रुळाचा तुकडा, त्याच्या मधोमध चढ, आणि बाणांनी दाखवलेलं: तिरका पडलेला डबा चढावरून ढकलला की चाकं आपोआप घसरून रुळावर बसतात.

मी जवळजवळ ओरडलेच. "अप्पा! हे बघा!"

त्यांनी बघितलं सुद्धा नाही. "रिरेलर. माहीत आहे मला."

"मग मागवू या की!"

"माझ्या सेक्शनमध्ये?" अप्पा ताठ झाले. "चौतीस वर्षांत माझ्या रुळावरनं एक चाक खाली आलेलं नाही. आणि आता रिरेलर लावू? बघणारे म्हणतील, ह्याचे रूळ वाकडे."

"बघणारे कोण?"

"मी आन् मांजर," स्वयंपाकघरातून अज्जी म्हणाल्या.

अप्पा उठून आत गेले. एरोग्राम आणि कॅटलॉग घेऊन मी घरी आले. सोमवारपर्यंत वेळ होता.

सतराव्या पानावर असे तीन तुकडे होते. एक सरळ, साधा, काळा. एक वळणाचा. तिसरा दिसायला रस्त्याचं फाटक, रुळांमध्ये लाकडी फळ्या बसवल्यासारखा, पण नीट बघितलं तर चढ तोच. मी ताबडतोब ठरवलं, वळणाचा. गाड्या वळणावरच तर घसरतात! मग वाटलं, ठरवायला काय लागतं, करून बघू. मावशीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या. त्या खळीने एकावर एक चिकटवल्या. मधे उंचवटा केला, दोन्ही टोकांना उतार दिला, आणि रुळाच्या आतल्या बाजूला चाकाची कड जाईल एवढी फट ठेवली. एक वाकडा बनवला, एक सरळ. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवले.

रविवारी दुपारी अप्पा झोपल्यावर मी तिकडे गेले. अज्जींनी न विचारता कपाटाची किल्ली दिली.

"पत्रिका उलटी लावलीस की गं," त्या म्हणाल्या. "नवरीचं नाव रुळाखाली गेलं."

वळणावर ठेवून बघितलं. डबा लांब, वळण आखूड. पुढची चाकं बसली, मागची बाहेर फेकली गेली. पुन्हा तेच, पुन्हा तेच. माझी एवढी हुशारी पहिल्या पाच मिनिटांत संपली. मग सरळ तुकडा भिंतीकडच्या लाईनवर ठेवला. टक् टक्, आठही चाकं बसली! मी टाळ्या वाजवणार होते.

"तुजा हात कुटं थरथरतो?" अज्जी म्हणाल्या. "त्येंच्या हातानं बघ."

"त्यांचा हात कुठनं आणू?"

अज्जींनी पदर खोचला, माझं कोपर धरलं आणि गदागदा हलवायला लागल्या. मला हसू आवरेना. भिंतीकडची लाईन लांब, तिथे हात ताणावा लागतो, तो अधांतरी राहतो. डबा सरळ खडीत. फाट्यावर, अप्पांच्या खुर्चीपाशी, मी कोपर फळीवर टेकवलं. अज्जी हलवत होत्या, पण टेकलेला हात फारसा हलेना. तिरका, वेडावाकडा ठेवलेला डबा मी पुढे ढकलला. टक्. टक्. बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी घसरायची कुठे, हे मी शोधत बसले होते. अप्पांची गाडी एकदा सुटली की कधीच घसरत नव्हती. तुकडा लागायचा तो त्यांचं कोपर टेकतं तिथे. म्हणजे सरळच, आणि फाट्यावरच!

"काय करायलीस?"

अप्पा दारात उभे होते. अज्जींनी माझं कोपर सोडलं.

"माझ्या रुळावर लग्नपत्रिका कुणी ठेवली?"

"मी," मी म्हणाले. आवाज सातवीतल्यासारखा निघाला. मग माईक आठवला. "मीच ठेवली अप्पा. तुमचे रूळ उत्तम आहेत. पण डबा वर ठेवायला मदत घेतली तर त्यात काय झालं?"

"चौतीस वर्षं," अप्पा म्हणाले, "माझ्या सेक्शनमध्ये एक चाक—"

"आन् मोडनिंबची वॅगन?" अज्जी म्हणाल्या.

अप्पांनी अज्जींकडे असं बघितलं की मी त्यांच्या जागी असते तर पळून गेले असते.

"कसली वॅगन?" मी विचारलंच.

"ज्वारीची. चार चाकं खाली. तात्याबा मुकादम आन् त्येची चौदा माणसं लाकडाचे ओंडके लावून सकाळपासनं वर चढवायलीत. दुपारच्या गाडीच्या आत झालं पायजे म्हणून ह्ये घामानं भिजून चिंब. चौदा जणांच्या भाकऱ्या कुणी थापल्या? मी. मला ईसरंल व्हय?"

"ते यार्डात होतं," अप्पा म्हणाले.

"खाली आलं का न्हाय?"

"यार्डातलं धरत नाहीत!" अप्पांचा आवाज चढला. "यार्डात शंटिंग असतं, डबे सारखे मागेपुढे होतात, जुने सांधे असतात, कुणाच्याही सेक्शनमध्ये होतं. ओंडके प्रत्येक यार्डात ठेवलेलेच असतात. त्यात कमीपणा नाही. मेन लाईनवर एक चाक दाखव."

मी फाट्याकडे बघितलं. फाट्यावरच्या पत्रिकेकडे बघितलं. मग अप्पांकडे.

"अप्पा," मी म्हणाले, "हा फाटा म्हणजे यार्डच ना?"

अज्जींनी तोंडाला पदर लावला.

"मग इथे ओंडके ठेवलेले असले तर?"

अप्पांनी वाकून पुठ्ठ्याचा उतार बघितला. मग खुर्चीत बसले. चष्मा पुसला. "माप चुकलंय तुझं," म्हणाले. "उतार खडा आहे. लांब पाहिजे."

"कॅटलॉगमधला लांब आहे!"

"डबा दे."

मी दिला. कोपर फळीवर टेकवा, असं मी सांगितलं नाही. त्यांनी टेकवलं. हात थरथरतच होता, डब्याच्या खिडक्या खडखडत होत्या. डबा पुठ्ठ्यावर तिरका पडला, दोन चाकं एकीकडे, दोन भलतीकडे. मला हात पुढे करावासा वाटला. दोन्ही हात मी मांडीखाली घालून बसले. अप्पांनी डब्याला मागून एका बोटाने ढकललं. हळू. टक्. थांबले. पुन्हा ढकललं. टक्. डबा सरळ झाला आणि आपल्याआपण थोडा पुढे गेला.

आठही चाकं बसली होती.

"दुसरा," अप्पा म्हणाले.

पाचही डबे लागले. तिसऱ्याला तीन वेळा करावं लागलं, कारण पुठ्ठा मऊ पडायला लागला होता. अज्जींनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. इंजिन लागलं, गाडी यार्डातून मेन लाईनवर आली. तेव्हा बरोबर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दहा मिनिटं लेट," अज्जी म्हणाल्या.

"उन्हाळ्याचं धरत नाहीत," अप्पा म्हणाले.

गाडी फिरत असतानाच मी एरोग्राम काढला. त्यावर माझ्याच अक्षरात कालचं वाक्य होतं, 'काही आणू नकोस.' तो वाया घालवायची माझी हिंमत नव्हती. "खोडू?"

"आण इकडे." अप्पांनी पेन घेतलं आणि कोपर टेकवून स्वतः खोडलं. रेघ नागमोडी गेली, पण वाक्य पुरतं झाकलं गेलं. मग मला म्हणाले, "लिही. सतरावं पान, नंबर बघून घाल, सरळ साधा तुकडा, एक. यार्डासाठी. यार्डासाठी हे नक्की लिही."

"आणि दुसरी वस्तू?"

त्यांनी कॅटलॉग जवळ ओढला, चष्मा वर करून बघितलं आणि तिसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. "हे फाटक. मेन लाईनवर एक फाटक पाहिजे. बैलगाड्या कुठनं जाणार?"

मी चित्राकडे बघितलं. फळ्यांमधला चढ स्पष्ट दिसत होता. "अप्पा, ह्याच्या आत पण तो..."

"फाटक आहे ते."

"व्हय अप्पा. फाटक."

"आणि शिपाई उद्या आला तर त्याला चहा दे. सांग, हेडमास्तरांना म्हणावं रविवारी चार वाजता या गाडी बघायला. वेळेवर या."

एरोग्राम मी घडी घालून चिकटवला. अजून ऊन होतं, पण चप्पल घालून निघालेच. गल्लीच्या तोंडाशी पोचले तोवर मागून अप्पांची हाक आली. ते ओट्यावर उभे होते, एक हात खांबाला धरून.

"गुरम्मा! त्या वॅगनचं काही लिहिलं नाहीस ना त्यात?"

"नाही अप्पा!" मी ओरडून सांगितलं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

पत्रात खरंच लिहिलं नव्हतं. लिहिलं ते इथे.