शेखरने तोडलेल्या ओळी

उज्वलाने आयुष्यभर नाशिकच्या शाळेत भूमिती शिकवली आणि निवृत्त झाल्यावर त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. ते कॉम्प्युटरवर मांडायचं काम शेखरचं, तिच्या नवऱ्याचं. सातपूरच्या कारखान्यातून आला की चहाचा कप घेऊन तो लॅटेक उघडून बसायचा. त्या सॉफ्टवेअरचं जुनं इंजिन, म्हणजे मजकूर पानावर उतरवणारा भाग, मराठीच्या बाबतीत अडाणीच होतं. लांब शब्द आला की ओळ थेट समासात घुसायची. मग शेखर त्या जागी हाताने आज्ञा लिहायचा, ओळ इथे तोड. असं करत करत त्याने अख्खं पुस्तक मार्गी लावलं.

गेल्या थंडीत तो अचानक गेला. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा प्रकाशक म्हणाले, "बाई, यातला मजकूर कॉपी केला की नुसती अगम्य चिन्हं येतात. ई-बुक कसं करायचं?"

म्हणजे लॅटेकचं ते जुनं इंजिनच बदलावं लागणार होतं. उज्वला कितीतरी दिवस एकटीच झगडत राहिली. आधी पानभर नुसते चौकोन उमटले, मग फॉन्ट सापडेना. "अहो, हे बघा ना," असं दोनदा तरी तिच्या तोंडून निघून गेलं. घरात फक्त पंखा फिरत होता.

शेवटी एका दुपारी पुस्तक उमटलं. जोडाक्षरं अगदी जागच्या जागी. ओळी मात्र मधेच तुटलेल्या, अर्ध्यामुर्ध्या. कारण लक्षात यायला तिला वेळ लागला. ओळ कुठे मोडायची ते नव्या इंजिनाला आपलं आपणच कळत होतं; शेखरच्या आज्ञाच आता आड येत होत्या.

तिने बंगळुरूला मुलीला फोन लावला. "हर्षाली, बाबांनी घातलेल्या सगळ्या खुणा काढाव्या लागतील गं."

"एका झटक्यात निघतील की, आई. सर्च करून रिप्लेस कर. मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू?"

"बरं."

संध्याकाळी फोन आला नाही. उज्वलाने एका झटक्यात काही काढलं नाही. एकेक खूण शोधत, पुसत गेली. त्रिकोणांच्या प्रकरणात त्या दाटीवाटीने होत्या. "तुझा हा समद्विभुज मला म्हातारा करणार," असं तो तेव्हा म्हणाला होता. एखादी राहू द्यावी, असं तिला वाटलं. पण तुटकी ओळ त्यालाच खपली नसती. तिने तीही काढली.

पुस्तक पाठवल्यावर प्रकाशकांचा फोन आला. "छान झालंय. मांडणीला शेखररावांचंच नाव ठेवू ना?"

उज्वला म्हणाली, "नको. पहिल्या आवृत्तीत आहे त्यांचं. ही मी केलीय, माझं टाका."

फोन ठेवल्यावर हे कुणाला सांगावं ते तिला सुचेना. तिने दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या मालनबाई दळणाचा डबा घेऊन जिना चढत होत्या.

"माझं पुस्तक झालं," उज्वला म्हणाली.

"हो का? बरं झालं बाई," म्हणत मालनबाई डबा सावरत वर गेल्या. त्यांचं दार लागल्याचा आवाज आला, तरी उज्वला तशीच उंबऱ्यात उभी होती.